पहिली भाषा मुरू दे

सर भिंतीकडे तोंड करायचे, दोन्ही हात मांड्यांना चिकटवायचे आणि म्हणायचे, "चाल, सांग. मी बिनडोक आहे."

समोर नवा विद्यार्थी उभा असायचा. कॉम्प्युटर शिकायचा म्हणून अंघोळ करून, भांग पाडून, चपला जिन्याखाली काढून वर आलेला. त्याला वाटलेलं असायचं की आता पडद्यावर दिवे लागणार, आणि इथं तर पांढऱ्या शर्टातला एक किडकिडीत माणूस भिंतीला नाक लावून उभा.

"काय सांगू सर?"

"मले खुर्चीवर बसव. हात लावाचा नाही. तोंडानं सांगाचं."

"बसा सर."

आणि सर होते तिथेच, भिंतीपाशी, खाली फतकल मारून बसायचे. खुर्ची राहिली खोलीच्या त्या टोकाला. सगळा वर्ग हसायचा. नव्या माणसाचे कान लाल व्हायचे. मग तो हळूहळू शुद्धीवर यायचा. उठा, मागे वळा, चाला. 'थांबा' म्हणायचं राहून जायचं आणि सर खुर्ची ओलांडून, टेबलावर आदळून, तिथेच जागच्या जागी पाय आपटत राहायचे. "सांगतलं नाही ना थांब म्हनून," असं टेबलाला टेकूनच बोलायचे.

असा एखादा शिक्षक तुम्हीही पाहिला असेल. शिकवताना स्वतःची शोभा करून घेणारा. अशा माणसावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. माझाही बसला, आणि तो असा बसला की उठवताना फार दुखलं.

संग्रामपूरला कृषी केंद्राच्या वर सरांचा क्लास होता. खाली बियाणं, फवारणीचे पंप, औषधांच्या बाटल्या. वर दोन कॉम्प्युटर. त्यातला एक चालायचा आणि दुसरा शोभेचा. दोघांनाही सरांच्या बायकोने गुलाबी कापडाची झालर लावलेली झूल शिवली होती. खालच्या औषधांचा वास वरपर्यंत यायचा. आजही एखाद्या शेतात फवारणी चालू असली की मला आधी पीक दिसत नाही, काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं दिसतात.

त्या काळी आमच्या भागात कॉम्प्युटर म्हणजे बँकेत नुकतीच आलेली, साहेबाच्या खोलीतली वस्तू. सर नागपूरला कुठल्याशा ऑफिसच्या मशीन-रूममध्ये होते. वडील गेल्यावर शेत बघायला परत आले, शेतात मन रमेना म्हणून क्लास काढला. येणारा प्रत्येक जण आधी भाषेचंच विचारायचा. कुणाच्या भाच्याने कोबॉल सांगितलेलं असायचं, कुणाच्या जावयाने आणखी काही.

"सर, पयले कोनती भाषा शिकू? नोकरी कोनत्या भाषेत लागते?"

"बायको पाहून राह्यला का बे तू?" सर म्हणायचे. "भाषा कोनती हे मंग इचार. तुले मशीनकडून काय करून घ्याचं हे तं आधी सांग." आणि त्याला काही सांगता आलं नाही की, "जे समोर आहे त्याच्यात घूस. बेसिक आहे. घूस."

बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागायचा. दहा, वीस, तीस असे. मधे एखादी ओळ सुचली तर घालायला जागा हवी म्हणून. सरांनी बाकांनाही खडूने तसेच नंबर घातले होते. वीज गेली की (आणि ती जायचीच) प्रोग्राम बाकांवरून चालायचा. एकाने पाटी धरायची, तिच्यावर आकडा. दुसऱ्याने बाकाबाकाने चालत जायचं आणि त्या त्या बाकावर फळ्यावरची त्या नंबरची ओळ पाळायची. 'वीसवर जा' असं आलं की निमूट मागे यायचं.

एकदा सोनाळ्याचा एक धिप्पाड गडी असा चालायला लागला. त्याच्या प्रोग्रामला शेवटच नव्हता. सर त्याला थांबवेनात. तो बापडा बाकांभोवती फिरतोय, घाम गळतोय, लाकडी तक्तपोशी दणाणतेय. शेवटी खाली युरिया घ्यायला आलेले एक आजोबा जिना चढून वर आले आणि विचारते झाले, "काहो, वरतं खळं केलं काय? मळणी चालू आहे काय?" सर हसून हसून खाली बसले. न संपणाऱ्या चकरेला आमच्या क्लासमध्ये तेव्हापासून 'मळणी' हेच नाव पडलं. पुस्तकातलं नाव मला फार उशिरा कळलं.

मी बारावी होऊन घरी बसलेली होते. आमचं भाजीचं शेत, वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाबांना माझं शिक्षण नको होतं असं नाही, पण कॉलेज लांब आणि पाहुण्यांचे निरोप जवळ. कुणीतरी सरांचं नाव सांगितलं आणि बाबा मला घेऊन जिना चढले. वांग्यांची पिशवीही बरोबर होती. बाबा स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "सर, पुढच्या सालच्या तुळशीच्या लग्नापर्यंत मी कोनाले हो म्हनत नाही. तवर हिच्या पायावर ही उभी राह्यली तं ठीक. नाही तं मंग मले थांबता येनार नाही. हिच्या मागं आखीन दोघी आहेत."

सरांनी छातीवर हात ठेवला. "भाऊ, पोरगी माह्यावर सोडा. येवढ्या काळात तिले नोकरीवाली करून दाखवतो."

बाबा जिना उतरताना मला म्हणाले, "मानूस खरा आहे." बाबांना माणसं कळतात असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

मी घुसले. मला ते जमत होतं, यात माझी काय करामत, ते मला कुणी न शिकवताच जमल्यासारखं जमत होतं. सर भिंतीकडे वळले की त्यांना खुर्चीवर कसं बसवायचं हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फळ्यावरचा प्रोग्राम कुठे अडकणार हे मी पाटीवाल्याच्या आधी सांगायचे. सर डोळे मोठे करून पाहायचे आणि वर्गाला म्हणायचे, "पाहा बे, ही वांगेवाल्याची पोरगी."

दिवाळी होऊन गेल्यावर सरांनी मला खालच्या बॅचला उभं केलं. खालची बॅच म्हणजे नवे लोक. "शिकवलं म्हंजे पक्कं होते," म्हणाले. माझी सगळी फी त्यांनी माफ केली आणि मला मॅडम म्हणायला लागले. पगाराचा विषय त्यांनी काढला नाही आणि माझ्याही मनात आला नाही. अहो, एकोणीस वर्षांची मुलगी, आपल्याहून थोराड मुलं 'मॅडम' म्हणतायत, मला तर तुरा फुटायचा बाकी होता. सरांची ती भिंतीकडे वळून उभं राहायची रीतही मी उचलली. नवीन कुणी आलं की मी वळायचे, हात चिकटवायचे. "चाल, सांग. मी बिनडोक आहे." आज वाटतं, किती खरं बोलत होते मी.

एवढ्यात कानावर यायला लागलं होतं की नागपुरात, पुण्यात आता बेसिकला कोणी विचारत नाही, सी नावाची भाषा पाहिजे. सरांच्या कपाटात सीचं जाडं पुस्तक होतं, ते मी काचेतून पाहिलं होतं. एक दिवस मी विचारलं.

"सर, मले सी शिकवा ना."

"शिकू. घाई कायले? पयली भाषा लोणच्यासारखी असते. मुरू दे."

महिन्याभराने पुन्हा विचारलं. "मुरू दे." संक्रांतीला विचारलं, होळीला विचारलं. सर दर वेळी तितक्याच मायेने म्हणायचे, मुरू दे. मी समजायचे, माझ्यात काहीतरी कच्चं आहे, सरांना दिसतंय, मला दिसत नाही. घरी जाऊन तेच तेच प्रोग्राम कागदावर पुन्हा लिहायचे. पंचवीस वेळा घासलेल्या पातेल्याला आणखी किती चमक येणार! पण सरांनी सांगितलंय ना.

क्लासमध्ये दोन मुलं होती, दोघंही माझ्या हाताखाली बेसिक शिकलेली. एक दिवस त्यांतल्या एकाचा प्रोग्राम बिघडला. पडद्यावर एकाखाली एक यायची नावं सगळी एकाच ओळीत, एकमेकांना चिकटून आली होती. मी पाहिलं तर गड्याने छापायच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविरामाचं चिन्ह ठोकलेलं. बेसिकमध्ये ते टाकलं की पुढचं छापलेलं त्याच ओळीत येतं.

"हे कायले टाकलं? मी कधी शिकवलं असं?"

"सवय झाली मॅडम," तो म्हणाला, आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

सर कोपऱ्यात बसले होते. ते उठले आणि माठाकडे जाऊन पाणी पीत उभे राहिले. एक पेला, मग दुसरा. मी त्या मुलाला झापलं, चिन्हं खोडायला लावली आणि विसरून गेले. सीमध्ये प्रत्येक ओळ त्या चिन्हाने संपते, हे तेव्हा मला माहीत असायचं कारण नव्हतं. सर त्या दोघांना सकाळी आपल्या घरी सी शिकवत होते. सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे. मॅडम सोडून.

पुढचं जे झालं ते गणपती-गौरी होऊन गेल्यावरचं. सरांचे नागपूरचे जुने मित्र आले होते. त्यांनी स्वतःचं काम काढलं होतं, मुलांना शिकवून तिथेच नोकरीवर घ्यायचे. सर आणि ते वर्गाच्या टोकाला घातलेल्या प्लायवुडच्या आडभिंतीपलीकडे चहा घेत बसले. अलीकडे मी खालची बॅच घेत होते. एक नवी मुलगी आली होती, दोन वेण्या घातलेली, घाबरलेली. मी नेहमीप्रमाणे भिंतीकडे वळले. भिंत म्हणजे तेच प्लायवुड. माझं नाक त्याला टेकलेलं.

पलीकडून मित्र म्हणाले, "सी येनारे दे मले. परीक्षा-बिरीक्षा काही नाही. तुह्या शब्दावर घेतो. सोमवारपासून."

"दोघं आहेत. पक्के," सर म्हणाले.

"पोरगी नाही का बे एखांदी? पोरीच्या राह्याची सोय आहे माह्याकडं. माही बायकोच पाहते सारं."

"उठा मॅडम," माझ्या मागून ती मुलगी म्हणाली. मी तर उभीच होते. मग तिच्या लक्षात आलं. "वळा मॅडम."

पलीकडे सरांनी चहा बशीत ओतला. "एक आहे," म्हणाले. "साऱ्यात तेज. पन तिले सी येत नाही."

"काऊन?"

"शिकवलं नाही मी तिले."

"काऊन बे? तेज आहे म्हनतं ना!"

"ती गेली तं खालच्या बॅचा कोन घेईन? माह्यानं आता होत नाही रोज रोज भित्तीकडे तोंड करून उभं राहनं. ती आहे म्हनून क्लास चालून राह्यला."

"मॅडम, वळा म्हटलं मी," ती मुलगी रडवेली झाली होती. तिला वाटलं आपलंच सांगणं चुकतंय. मागे कुणीतरी हसलं, "मशीन बिघडली."

मी वळले. तिला म्हटलं, तू बरोबर सांगितलंस. आणि पलीकडे गेले.

सरांच्या हातात बशी होती. मला पाहिल्याबरोबर त्यांना कळलं. मी म्हटलं, "सर, तुमी बाबाले छातीवर हात ठेवून सांगतलं होतं."

"अवो, मी तुले शिकवनारच होतो. थोडं मुरू—"

"तुळशीचं लग्न आलं सर. तुमाले ठाऊक होतं."

सर चष्मा पुसायला लागले. आपल्या शर्टाच्या टोकाने, पुन्हा पुन्हा, काच फुटेल इतक्या जोराने. "दोन महिने दे. दोन महिन्यांत सारं शिकवतो."

मी त्यांच्या मित्राकडे पाहिलं. "दोन महिने थांबता?"

ते गृहस्थ भले होते. त्यांनी मान खाली घातली. "यंदाच्या जागा सोमवारी भरतात बाई. मंग एकदम पुढच्या साली."

पुढचं साल माझ्याकडे नव्हतं. मी जिन्याखाली आले, चपला घातल्या आणि एसटीची वाट न पाहता पायी घरी निघाले. रडू आलं नाही. राग आला होता, आणि तो राग फार विचित्र होता. शत्रूने मारलं तर माणूस परत मारतो. इथे ज्याने मला बोट धरून उभं केलं त्यानेच मला बांधून ठेवलं होतं, तेही माझ्यात कमी आहे म्हणून नव्हे, जास्त आहे म्हणून. मी थोडी मठ्ठ असते तर त्या दोघांबरोबर नागपूरला गेले असते. हे गणित मला आजही सुटत नाही.

बाबांना मी एवढंच म्हटलं, "नाही झालं बाबा." का खरं बोलले नाही? एक तर सोमवार काही परत येणार नव्हता. आणि दुसरं, बाबांनी तालुक्यात एका माणसावर डोळे मिटून भरवसा टाकला होता. त्यांना वेडं ठरवायला माझी जीभ उचलेना. बाबा म्हणाले, "जाऊ दे. सरनं त्याइचं केलं." मी गिळलं.

पुढचं जरा आधीच सांगून टाकते. सी मी शिकले, पण लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. सासर मेहकरकडे, हिवरा आश्रमाजवळ. तिथल्या एका शाळेत कॉम्प्युटर आले, शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा मी एक जुनं पुस्तक मागवून स्वयंपाकघरात बसून शिकले. दीड महिना पुरला. मला वाटलं होतं डोंगर असेल, निघाला बांध. आणि तो मला इतका सोपा का गेला, तर सरांमुळे. प्रत्येक ठिकाणी मला बाकं दिसायची, पाटी धरलेला माणूस दिसायचा, मळणी कुठे लागणार ते दिसायचं. त्या माणसाने मला इतकं चांगलं शिकवलं होतं की त्याने काय हिरावून घेतलं ते मला दीड महिन्यात मोजता आलं. शिव्या द्याव्यात तर ज्या डोक्याने द्यायच्या ते डोकं त्यांनीच घडवलेलं. आता मुलं मला विचारतात, बाई, पहिली भाषा कोणती? मी म्हणते, जी शिकवणारा तुला दुसरीही शिकवेल ती.

माझ्या जागी सरांना दुसरं कुणी मिळालं नाही. काही दिवस ते स्वतःच भिंतीकडे वळत होते असं ऐकलं. मग क्लास बंद झाला आणि त्या खोलीत खताची पोती आली. सर आता नाहीत. मी भेटायला गेले नाही, आणि गेले नाही याचं मला वाईटही वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

माझं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेचच झालं, आमच्या दारात. बाबांनी हौसेने सरांना बोलावणं धाडलं होतं. मला वाटलं येणार नाहीत. आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. अक्षता पडल्या आणि बाबांनी भर मांडवात त्यांना पुढे आणलं, शाल घातली, नारळ दिला. मोठ्याने म्हणाले, "माह्या पोरीले येवढं शिकवलं ह्या मानसानं. एक पैसा घेतला नाही." लोकांनी माना डोलावल्या. बाबांचे डोळे भरून आले होते. मग माझ्याकडे वळले, "पाया पड सरच्या."

नवरा शेजारी, मुंडावळ्या डोळ्यांवर, सगळा गाव बघतोय. मी वाकले. आणि माझे हात पोचायच्या आत सरांनी पाय मागे घेतले. एक पाऊल, मग आणखी एक. मी वर पाहिलं. शाल खांद्यावरून घसरत होती ती त्यांनी सावरली नाही.

"पाहा," बाबा कौतुकाने मांडवभर सांगू लागले, "येवढा मोठा मानूस, पन पाया पडू देत नाही!"

नंतर पंगत बसली. बाबांनी सरांसाठी आपल्या हाताने ताट वाढलं, जिलबीवर जिलबी ठेवली, आणि ते ताट घेऊन मांडवात, ओसरीवर, विहिरीकडे, सगळीकडे त्यांना शोधत फिरले. सर जेवायला थांबले नव्हते.